चहापेक्षा अवघड

कारंजाहून सुटलेल्या एसटीत शेजारी एक बाई होती, गळ्यात क्रूस. माझा सोमवारचा उपवास, म्हणजे वेफर्सचं तिसरं पाकीट. ते मी पुढं केलं.

"नको दादा, ईस्टरपर्यंत आमचेही उपवास हायेत."

"चहासुद्धा सोडला?"

"चहा सोडून कोनी पवित्र होते काय? यंदा जावेवरचा राग सोडून राह्यली. येशूनं जीव देल्ला, मले एवढंही जमू नये?"

सात वर्षांनी ती जावेच्या दारी निघाली होती. बोलताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

धनजला उतरली, चार पावलं गेली आणि परत येऊन तिनं बसच्या दांड्याला हात घातला.

"मावशी, वापस येता काय?" कंडक्टरनं विचारलं.

तिनं गावाकडं पाहिलं. दांडा सोडला.

"नाही भाऊ. जाऊ द्या गाडी."