गणपतीतली रिकामी बस

आमच्या दर्शनाला कुणी समाजसेविका म्हटलं की ती चिडते. म्हणते, "मी ब्लाउज शिवते, तेवढंच सांगा." पण मी सांगणारच. घाटकोपरच्या या टेकडीवर आज छोटी बस चढते, ती तिच्यामुळे.

माझ्या नवऱ्याचं, दादूचं, डायलिसिस चालू आहे. खाली हॉस्पिटलात जायचं तर ती बस. रिक्षावाले वर यायला नाकं मुरडतात आणि ह्यांना चढ चढवत नाही. गेल्या वर्षी गणपतीला मी नेहमीसारखी गावी गेले. वस्तीतली आम्ही कोकणातली सगळीच मंडळी घरांना कुलपं लावून जातो. हे मागे राहिले, शेजारच्या दर्शनाच्या भरवशावर. ती जालन्याकडची, बौद्ध, त्यामुळे ती इथेच होती. शिलाईचं मशीन बंद ठेवून ह्यांना हॉस्पिटलात नेत होती.

परत आले तर स्टॉपवर नोटीस. बस बंद करणार. बसच्या ऑफिसातले लोक नेमकं गणपतीच्या आठवड्यात प्रवासी मोजून गेले होते आणि बस म्हणे रिकामी धावते. अरे, माणसं गावाला गेली तर बसमध्ये काय उंदीर बसणार?

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पुन्हा मोजायला बोलवू आणि त्या दिवशी झाडून सगळ्यांना बसमध्ये कोंबू. दर्शना म्हणाली, "शकुताई, खोटी गर्दी एक दिवस टिकेल. बस तुला रोज हवीय ना?"

तिने ऑफिसात खेटे घालून अधिकाऱ्यांनाच वर बोलावलं. रविवारी, विहाराच्या हॉलमध्ये, वंदना झाल्यावर. कामाच्या दिवशी भर दुपारी सभा ठेवली तर येणार कोण, हेही तिनेच त्यांना ऐकवलं. हॉल गच्च भरला. भाषण कुणी ठोकायचं नाही, असा तिचा दम. ज्याने त्याने उठून एवढंच सांगायचं, की मी कुठे जातो, कधी जातो, बस नसली तर काय करतो. मासळीवाली बोलली, कॉलेजातल्या मुली बोलल्या. मी उठले आणि मला रडूच फुटलं. दर्शनाने माझा हात धरून ठेवला.

अधिकारी मॅडम सगळं ऐकून म्हणाल्या, "पण त्या आठवड्यात बस रिकामी होती, हे तर खरं ना?"

"नाही मॅडम," दर्शना म्हणाली. "दादूभाऊ होते, मी होते. बस नसती तर हे घरीच पडून राहिले असते. मग आज इथे बसलेले दिसले नसते."

हे पुढच्याच खुर्चीत होते. मॅडम त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "पुन्हा मोजू."

पुन्हा मोजणी झाली, दिवस आम्हाला विचारून ठरवला. बस राहिली, सकाळची फेरीसुद्धा हॉस्पिटलच्या वेळेशी जुळवली.

यंदा मी बिनघोर गावी गेले. गणपतीपुढे सुखी ठेव म्हणून गाऱ्हाणं घालताना पहिलं नाव नेहमी ह्यांचं असतं. यंदा दर्शनाचं घातलं. तिला सांगू नका, चिडेल.