पाणी न लागलेलं कपाट

ताकोराडीच्या बंदरामागच्या वस्तीत लोक अराबा एसिल्फीच्या कपाटाला तिचा दुसरा नवरा म्हणत. पहिला नवरा कोबिना तांदो याला हा विनोद आवडायचा. "दुसराच बरा," तो म्हणायचा, "जेवायला मागत नाही आणि पिऊन येत नाही."

कोबिना लाकडाच्या गिरणीत होता. सापेली झाडाचे ओंडके उकळून त्यांचे कागदासारखे पातळ पापुद्रे काढायचे, हे त्याचं काम. लग्न झालं त्या वर्षी त्याने साध्या प्लायवूडचं कमरेएवढं कपाट केलं आणि एकाच ओंडक्याचे लागोपाठचे दोन पापुद्रे दोन दारांवर समोरासमोर चिकटवले. मधल्या फटीपासून लाकडाच्या रेषा दोन्हीकडे सारख्या पसरत गेल्या होत्या. वरून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश.

मग त्याने बायकोला ते सांभाळायला शिकवलं. एरवी तो आवाज चढवत नसे, पण या बाबतीत चढवायचा. फडकं कोरडं, आणि रेषांच्या दिशेनेच. समुद्राच्या वाऱ्याने चिकट थर बसला, तर फडकं ओलं करून इतकं पिळायचं की तळहाताला ओल लागू नये. मागोमाग दुसरं कोरडं. साबण नाही, रॉकेल नाही. कुठे कड सुटली, फुगा आला, तर खाली सरस, वर कापड आणि कापडावरून कोमट इस्त्री. दारूची बाटली वर ठेवायची नाही. दारू चपडा खाते.

कोबिनाच्या कुळातली माणसं आली, की अराबा त्यांच्या हातातली बाटली घेऊन जमिनीवर ठेवायची. नणंद एकुआ एकदा म्हणाली, "वहिनी, आम्हीही अंग पुसून बसावं का?"

"बसलात तर बरंच होईल, वन्सं," अराबा म्हणाली. सगळे हसले. एकुआ हसली नाही.

एकोणीसशे ब्याऐंशीच्या सुरुवातीला कोबिना छातीच्या दुखण्याने गेला. वर्षभर अराबा काळ्या कापडात त्याच्याच खोलीत राहिली. खोली त्याच्या कुळाची होती. फान्ती जमातीत नवऱ्याच्या वस्तू बायकोला मिळत नाहीत, बहिणीच्या मुलाकडे जातात. वर्ष सरलं की कुळ बसणार, एकुआच्या मुलाला, क्वामिनाला, मामाचा वारस ठरवणार आणि आपण शामा गावी भावाकडे जाणार, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. तिची तक्रार नव्हती. तिला फक्त कपाट हवं होतं.

तिने कुळाच्या थोरल्यांना, नाना एसेलना, आधीच विचारून पाहिलं. "नाना, पलंग घ्या, भांडी घ्या, शिवणयंत्र घ्या. कपाट तेवढं मला नेऊ द्या."

"पोरी, मोडकं असतं तर मी बोललोही नसतो," नाना म्हणाले. "पण चांगली वस्तू कुळाबाहेर गेली तर उद्या लोक मला धरतील."

मोडकं असतं तर. हे शब्द घेऊन ती घरी आली.

वर्ष सरता सरता वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा थेट समुद्रापर्यंत पोचला होता आणि हटायला तयार नव्हता. आतल्या मुलखात जंगलं पेटली होती. बाजारात कसावासुद्धा मिळत नव्हता. लोकांचे ओठ फुटले, दारं चौकटीतून सैल झाली. बैठक चार दिवसांवर आली तेव्हा अराबाने पोती भिजवली आणि कपाटाच्या दोन्ही दारांवर बांधली. आजवर ज्या लाकडाला तिने पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, त्यावरून पाणी ओघळत जमिनीवर आलं. तिचा हिशेब सरळ होता. पाण्याने फुगे येतील, माणसं तोंड वाकडं करतील, कपाट तिच्याकडे राहील. शामाला गेल्यावर ती सरस आणि इस्त्री घेऊन बसेल.

फुगे आले, अगदी हवे तेवढे. मात्र कोरडा वारा तिने हिशेबात धरलाच नव्हता. सुटलेले पापुद्रे दोन दिवसांत वाळले, रेषांवरून तडकले आणि कडांना वळून वर आले. घाबरून तिने तेव्हाच इस्त्री काढली. इस्त्रीखाली ते पापडासारखे मोडले. तिने तुकडे गोळा करून जुळवून पाहिले. जुळले नाहीत.

बैठकीच्या दिवशी नानांनी पूर्वजांची नावं घेत जमिनीवर दारू ओतली आणि उरलेली बाटली कपाटावर ठेवली.

"हेच ना ते?" एकुआ म्हणाली. "आमची बाटली ज्याला चालत नव्हती? भावाच्या माघारी हे दिवे लावलेस?"

"वारा होता, वन्सं." अराबाने मान वर केली नाही. "आता कुणाच्या काय कामाचं? मला नेऊ द्या, नाना."

नानांनी क्वामिनाकडे पाहिलं. तो उठला, दार उघडून आत डोकावला, बोटांनी फळ्या ठोकून पाहिल्या.

"वरचं साल गेलंय, नाना. आतली फळी ठणठणीत आहे. दुकानात माल ठेवायला असंच पाहिजे होतं." मग तो मामीकडे वळला. "चांगलं असतं, तर नकोच म्हणालो असतो. दुकानात त्याला कोण जपत बसणार होतं?"

संध्याकाळच्या आत कपाट हातगाडीवर चढलं. उरलेले पापुद्रे गल्लीच्या खड्ड्यांत गळत गेले.

पुढे अराबा शामाहून वाळवलेली मासळी विकायला ताकोराडीला यायची. बरेच दिवस तिने ती गल्ली टाळली. एकदा पाण्यासाठी ती क्वामिनाच्या दुकानात गेली. कपाट भिंतीला लागून होतं, हिरव्या तेलरंगात, आत साबण आणि काडेपेट्या. क्वामिनाने तिला पेला भरून दिला. ती प्यायली आणि तिने पेला कपाटावर ठेवला. खाली ओलं वर्तुळ उमटलं. तिने झटकन पेला उचलला, कापडाचं टोक त्यावर टेकवलं आणि हात तिथेच थांबला. रंगाखाली रेषा कुठल्या दिशेने होत्या, ते दिसत नव्हतं.

"राहू दे, मामी," क्वामिना म्हणाला. "तेलरंग आहे. पाण्याने त्याला काही होत नाही."