शफीभाऊंचा फ्रीझ

शफीभाऊ काल सकाळी गेले. रिलीज येत्या रविवारी आहे.

या दोन वाक्यांचा एकमेकांशी संबंध आहे, म्हणून ही पोस्ट.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शफीभाऊ ब्रह्मपुरीला बसस्टँडजवळ कम्प्युटर क्लास चालवायचे. मराठी टाइप करायचा 'पळस' नावाचा प्रोग्राम त्यांनी सुरू केला. फुकट, आणि कोड सर्वांसाठी उघडा. ज्याला जमेल त्याने यावं, दुरुस्त करावं, भर घालावी.

आम्ही पाचसहा जण आपापल्या गावी बसून ईमेलवर भांडत तो वाढवत होतो. मी संस्कृतचा मास्तर, म्हणून मदतीची पानं माझ्याकडे.

"गुरुजी, तुमचं हेल्प वाचाले आणखी एक हेल्प लागते," असं ते म्हणायचे. खोटं नव्हतं.

पळसची नवी आवृत्ती दरवर्षी दिवाळीनंतर, मंडईच्या मोसमात निघायची. हा मुहूर्त शफीभाऊंचा.

आमच्या झाडीपट्टीत मंडई म्हणजे जत्रा, आणि जत्रा म्हटली की नाटक. तरुणपणी शफीभाऊ एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होते. तिथे आधी तारीख ठरते, मग नाटक बसतं. आणि तालमीचा एक दिवस असा येतो की त्यानंतर नवं गाणं नाही, नवा प्रवेश नाही. फक्त चुका काढायच्या.

तोच कायदा त्यांनी पळसला लावला. ठरलेल्या दिवसानंतर नवं काही आत घ्यायचं नाही. त्याला ते फ्रीझ म्हणत. मी 'गुणविराम' असा शब्द सुचवला होता.

"राहू द्या, गुरुजी. फ्रीझ म्हणा. बर्फाचा गोळा सगळ्याइले समजते."

कोणी मुदत वाढवून मागितली की त्यांचं उत्तर तयार असे. "लोकं बैलबंड्या जुपून, डबे बांधून येऊन बसले. त्याइले सांगू का, का थांबा, आमी तिसरा अंक आणखी चांगला करून राह्यलो?"

मी एकदा 'शुभस्य शीघ्रम्' ऐकवलं.

"तेच तर. घाई चांगल्याचीच होते, अन् घाईत चांगलंच बिघडते."

माझं संस्कृत तिथे संपलं.

हा कायदा सर्वांत जास्त कोणाला जाचला असेल, तर सुनंदाबाईंना.

सुनंदाबाई अहेरीकडच्या एका शाळेत शिकवतात. घरी गोंडी बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी एक वाचनाचं पुस्तक केलं होतं. डाव्या पानावर गोंडी, उजव्या पानावर मराठी. सगळं स्वतः टाइप केलेलं, पण जुन्या फॉन्टमध्ये. शाळेत नवा कम्प्युटर आला आणि फाइल उघडल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा.

जुनी फाइल नव्या अक्षरांत आणायची सोय पळसमध्ये करायचं काम शफीभाऊंनी स्वतः अंगावर घेतलं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तक मुलांच्या हातात द्यायचं, असं ठरलं.

फ्रीझचा दिवस आला. त्यांचा कोड बहुतेक फाइली नीट वळवायचा. पण मधूनच एखादी ओळ गिळायचा, आणि गिळली हे सांगायचाही नाही.

त्यांनी त्या आवृत्तीतून स्वतःचा कोड स्वतः बाहेर काढला.

सुनंदाबाई एसटीने थेट ब्रह्मपुरीला आल्या. मी क्लासमध्येच बसलो होतो.

"भाऊ, बनवणारे तुमी, थांबवणारे बी तुमीच?"

"हो, बाई."

"मंग माह्या पोराइनं काय वाचाचं?"

"तुमच्या पुस्तकातली ओळ गेली, तर तुमाले समजन. दुसऱ्या कोनाची गेली, तर त्याले समजनार बी नाई."

"मले दुसऱ्याचं काऊन सांगता?"

शफीभाऊंनी चहा मागवला. बाईंनी तो घेतला नाही आणि परतीची गाडी पकडली.

रिलीज ठरल्या दिवशी निघाला. दुसऱ्या दिवशी शफीभाऊ क्लासला कुलूप लावून अहेरीच्या गाडीत बसले. बाईंकडे पुस्तकाची एक छापील प्रत होती. बाई वाचत गेल्या, भाऊ टाइप करत गेले. त्यांचे गोंडी उच्चार ऐकून मुलं हसून लोळायची, असं बाई सांगतात. सगळं पुस्तक टाइप झाल्यावरच ते परतले.

नियम प्रोग्रामला होता. माणसाला कुठे होता?

पुढच्या वर्षीच्या रिलीजमध्ये तो कोड आला, ओळी न गिळता.

आता कालचं.

कब्रस्तानात माती देऊन घरी आलो, तर नागपूरच्या प्रशांतचा सर्वांना ईमेल आलेला. हाही पळसच्या जुन्या मंडळींपैकी. शफीभाऊ आजारपणातही एक काम करत होते: गोंडी शब्द लिहिला की शेजारी मराठी अर्थ दिसावा. फ्रीझ होऊन गेला होता, काम अर्धवट होतं, बरेच अर्थ तपासायचे राहिले होते. प्रशांतचं म्हणणं, हे याच आवृत्तीत घालू, भाऊंच्या नावाने. हवं तर रिलीज महिनाभर पुढे ढकलू.

सगळे लगेच हो म्हणाले. मीही हो लिहायला बसलो होतो.

तेवढ्यात सुनंदाबाईंचा फोन आला. या कामाचा उपयोग सर्वांत आधी त्यांच्याच शाळेला.

"गुरुजी, ते घालू नका."

"बाई, तुमच्याच मुलांसाठी करत होते ते."

"म्हनूनच सांगून राह्यली. पोरं थांबते. चुकीचा अर्थ एकदा पाठ झाला, का मंग कोन पुसनार?"

मी म्हणालो, भाऊंचं शेवटचं काम आहे.

"त्याइनं माहं नाई घेतलं होतं, गुरुजी. मंग त्याइचं काऊन घ्याचं?"

मग त्याच पुढे म्हणाल्या, "अर्थ तपासाचं काम माह्याकडे द्या. पुढच्या वर्षी घालू."

मी सर्वांना तसं कळवलं. कोणी वाद घातला नाही. पळसच्या इतिहासात हे प्रथमच.

तेव्हा रिलीज रविवारीच निघेल. शफीभाऊंचं शेवटचं काम त्यात नसेल.

शफीभाऊ, मनापासून आदरांजली. या आता.