तांबड्याचं आवतन

माझा राग वाईट. आता हाडं थकली म्हणून तो गप्प बसतो. पण पंचविशीत तो सदा नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि त्या रागापायी मी एकदा शेजाऱ्याच्या बैलाला मरायला सोडून दिलं होतं. गावात अजून म्हणतात, की त्या बैलाला मी वाचवलं. ते ऐकलं की माझी मान खाली जाते. म्हणून जसं झालं तसं सांगून टाकतो.

आमचं गाव वडनेर भोलजीपासून दोन कोसांवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता, कायदेकानू नागपूरहून यायचे, पण पेरणीचा कायदा गावचाच. माझ्याकडे एक बैल होता, पांढरा. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेजाऱ्याकडे एक, तांबडा. एका बैलानं ना वखर चालत ना पेरणीची तिफण. म्हणून माझ्या बापानं आणि त्या शेजाऱ्यानं सावड केली होती. दोन घरचे दोन बैल, मिळून एक जोडी. एका वर्षी पेरणी आधी त्यांच्या वावरात, दुसऱ्या वर्षी आधी आमच्या. बाप गेला, पण सावड चालू राहिली. शेजाऱ्याला मी काका म्हणायचो. बैलांना तर इतकी सवय, की पांढरा उजवीकडे आणि तांबडा डावीकडे, नाल्यावर पाणी प्यायलासुद्धा तसेच उभे राहायचे. तांबडा माझ्या एका हाकेला वावराच्या दुसऱ्या टोकावरून येत असे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

त्या वर्षी पाळी काकांची होती. पण माझं वावर खोलगट. आणखी एक पाऊस आला तर चिखल होईल, म्हणून मी म्हटलं, यंदा आधी माझं पेरू.

काका म्हणाले, "पाळी मायी हाय, बाबू. दोन दिवसाचा त सवाल हाय."

झालं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार माणसांसमोर मी म्हणालो, "तुमच्या बैलाच्या भरोशावर नाही जगून राह्यलो मी!"

काकांनी जुवातून तांबडा सोडला आणि घरी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाहुण्यांचा बैल आणून आपलं वावर पेरलं. मी मात्र बैलासाठी गावोगाव फिरलो. पेरणीच्या दिवसांत कोण बैल देतो? पंधरा-वीस दिवस गेले तेव्हा कुठे माझं बी मातीत पडलं. मग पावसानंही दडी मारली. पोळा जवळ आला तेव्हा काकांची ज्वारी छातीला लागत होती आणि माझी गुडघ्यापर्यंतसुद्धा नव्हती, पानं वळलेली, दुपारी माना टाकणारी. धुऱ्यावर उभं राहिलं की दोन्ही दिसायच्या. चूक माझीच होती, पण राग काकांचा यायचा.

माणसांनी सावड मोडली, बैलांना कोण सांगणार? तांबडा दोनदा दावं तोडून माझ्या गुरांच्या कोठ्याकडे आला आणि पांढऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला. येताना माझ्या ज्वारीतून तुडवत आला. दुसऱ्या वेळी मी काकांच्या दारात जाऊन बजावलं, "आता पुन्हा दिसला त सिद्दा वडनेरच्या कोंडवाड्यात टाकीन." कोंडवाडा म्हणजे मोकाट जनावरं कोंडायची सरकारी जागा. शेजाऱ्याचं जनावर तिथं नेणं म्हणजे त्याच्याशी कायमचं वैर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे खांदमळण असते. बैलाला धुवायचं, जू ज्या खांद्यावर बसतं तो हळद-लोण्यानं मळायचा आणि त्याच्या कानाशी सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या दिवशी सकाळी पांढऱ्यासाठी गवत आणायला मी वावरात गेलो. पाहतो तर तांबडा माझ्या ज्वारीच्या मधोमध. गळ्यात तुटलेलं दावं, आणि मजेत शेंडे ओरबाडत होता.

त्यानं मान वर करून मला पाहिलं. मी नुसतं "ये" म्हटलं असतं तरी तो आला असता. मी म्हटलं नाही. माझ्या डोक्यात दुसरंच शिजलं. म्हटलं, खाऊ दे. आणखी खाऊ दे. कोतवालाला आणतो, तो डोळ्यांनी नुकसान पाहील, आणि उद्या पोळ्याला सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे असताना काकांचा तांबडा कोंडवाड्यात असेल. विचारानं मला गोड वाटलं. होय, गोड वाटलं, खोटं कशाला सांगू?

कोतवालाचं घर माझ्या घरावरूनच पुढे. दारात बायको पुरणाची डाळ निवडत बसली होती. मी जाता जाता तिला सांगितलं.

ती सूप तसंच ठेवून उठली. "अवो, पयले काढा न त्याले भाईर! ज्वारी सुकेल हाय. किराळ लागीन त्याले."

किराळ म्हणजे विषच. कोवळ्या ज्वारीला पाण्याची ओढ बसली की तिच्यात ते उतरतं. जनावरानं पोटभर खाल्ली तर घटकाभरात पाय झाडून मरतं. हे काय मला माहीत नव्हतं? आमच्याकडे पोराटोरांना माहीत असतं.

मी म्हणालो, "लागू दे."

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मी पुढे निघालो.

कोतवाल आपल्या बैलाची शिंगं रंगवत होता. "चाल, तांबड्याले कोंडवाड्यात न्यायचं हाय," म्हटलं. त्यानं एक शिंग पुरं केलं, मग दुसरं, मग हात धुतले, मग पागोटं शोधलं. सणासुदीचं हे काय काढलं, म्हणून तो रस्ताभर कुरकुरला. आणि चालता चालता माझा राग उतरू लागला. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. वावराकडच्या पांदीत वळलो तेव्हा मी जवळजवळ पळत होतो. कोतवाल मागून ओरडत होता, "अरे, बैल काय पळून चालला काय?"

तांबडा उभा होता, पण चारी पाय फाकवून. अंग थरथर कापत होतं. तोंडातून फेस गळत होता आणि श्वास इतका जोरात, की धुऱ्यावर ऐकू येत होता. भोवतालची ज्वारी सपाट झालेली. मी "ये, ये रे" म्हणून हाक मारली. त्या बिचाऱ्यानं ऐकलं! एक पाऊल माझ्याकडे टाकलं आणि धाडकन गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला.

 बैल मेला असता तर काकांचं घर बसलं असतं; दुसरा बैल घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. आणि मारणारा मी. जन्मभर बैलहत्या कपाळावर घेऊन मी तोंड कुठं दाखवणार होतो?

तेवढ्यात काका आले. कोठ्यात रिकामा खुंटा पाहून शोधत निघाले होते. त्यांनी आधी तांबड्याला पाहिलं, मग त्याला हाकायला आणलेली माझ्या हातातली काठी.

"मारलं तू त्याले?" त्यांचा आवाज फाटला होता. "अरे, मुक्या जनावराले मारलं?"

"नाही हो काका! किराळ, किराळ लागली!"

त्यांनी हातातलं दावं खाली टाकलं आणि तांबड्याचं डोकं मांडीवर घेतलं. "गूळ," ते म्हणाले. "गूळ आणा रे कोणी. पळा!"

मी पळायला वळलो, तर पांदीतून बायको येत होती. डोक्यावर पाण्याची घागर, काखेत पोळ्यासाठी आणलेली गुळाची अख्खी ढेप, हातात बैलांना औषध पाजायचं बांबूचं नळकांडं. तिला कोणी बोलावलं नव्हतं. माझं "लागू दे" ऐकल्याबरोबर ती कामाला लागली होती. माझ्याकडे न बघता तिनं घागर उतरवली आणि दगडानं ढेप फोडायला घेतली.

गुळाचं पाणी पाजणं एकट्याचं काम नाही. काकांनी जबडा उघडून धरला, मी गालातून नळकांडं सारलं, कोतवालानं मागून धड दाबून ठेवलं. ओत, थांब, गिळू दे. ओत, थांब. घाई केली तर पाणी छातीत उतरतं, उशीर केला तर विष चढतं. पहिली दोन नळकांडी बाहेरच सांडली. डोळे पांढरे झाले, जीभ लोंबली. काका त्याच्या कानाशी लागून म्हणत होते, "उठ रे बाप्पा, उठ. उद्या पोळा हाय तुया." मी मनात देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. 

ढेप संपली. घागर तीनदा भरून आणली. मग किती वेळ गेला कोण जाणे, त्याच्या घशाचा घोट मला बोटांना लागला. पुन्हा एक. आता तो आपल्या जिवानं गिळत होता. ऊन कलायला लागलं तेव्हा त्यानं मान उचलली, आणि आणखी घटकेनं, दोनदा पडून, तिसऱ्यांदा उभा राहिला. कोतवालानं पागोटं काढून कपाळ पुसलं आणि म्हणाला, "वाचला बापा!" बायको धुऱ्यावर बसून पदरात तोंड घालून रडली.

तांबडा काकांच्या घरापर्यंत चालू शकत नव्हता. माझा कोठा जवळ, म्हणून तिथं आणला. तो आपणहून पांढऱ्याच्या डाव्या बाजूला जाऊन टेकला. खांदमळणीची वेळ झाली होती. बायकोनं हळद-लोण्याची वाटी माझ्या हातात दिली. पांढऱ्याचा खांदा मळला. मग तांबड्याचा मळायला घेतला, तेव्हा काकांनी विचारलं, "कवा पाह्यलं होतं रे तू त्याले वावरात?"

कोठ्यात कोतवाल होता, बायको होती. माझा हात बैलाच्या खांद्यावर थांबला.

"नुकताच घुसला होता," मी म्हणालो. "हाती येत नव्हता. म्हणून कोतवालाले बलावाले गेलो."

काकांनी तांबड्याच्या गळ्यातलं तुटलेलं दावं सोडलं. मग म्हणाले, "बरं."

बायकोनं रिकामी घागर उचलली आणि ती आत निघून गेली. मी वाकून तांबड्याच्या कानाशी म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या."  

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली दोघं जोडीनं उभे राहिले, पांढरा उजवीकडे, तांबडा डावीकडे. गाव माझी पाठ थोपटत होतं. शेजारी असावा तर असा, पोळ्याचा गूळ बैलाच्या पोटात घातला, म्हणत होतं. आमच्या घरी पुरण शिजलंच नाही, आवतन दिलेल्या बैलाला ज्वारीची भाकरी चारली. ते कळल्यावर काकांनी आपल्या घरून पुरणपोळ्यांचं ताट पाठवलं. मी पोळी मोडून तशीच ठेवली. बायको समोर बसून वाढत होती. ती एवढंच म्हणाली, "खा न आता."

सावड पुन्हा सुरू झाली. कापणी झाली, खळं झालं. काका माझ्याशी पहिल्यासारखेच बोलायचे, आणि मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता सांगावं. जीभ वळायची नाही. असं वर्ष गेलं.

पुढच्या मृगात पाऊस पडला, जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला, आणि उजाडताच काका तांबड्याला घेऊन माझ्या वावरात हजर. जू चढवत म्हणाले, "आवंदा पाळी तुयी."

गेल्या साली मी पाळी मोडली होती, आणि हा माणूस पाळी मोजत आला होता. मला राहवलं नाही.

"काका, नाही. पयले तुमचं पेरू." आणि मग एका दमात सगळं ओकलो. की मी त्याला पाहिलं होतं, की तो एका हाकेत आला असता, की बायको किराळ लागेल म्हणाली तेव्हा मी लागू दे म्हणालो.

काकांनी जुवाची दोरी आवळली. गाठ ओढून पाहिली.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"कवापासून?"

"खांदमळणीपासून. जो बैल कुत्र्यावानी तुयाच मांगं फिरते, तो म्हणे तुया हाती येत नव्हता!"

"मंग तुमी बोलले काऊन नाही?"

"इचारलं त होतं न बे तुले," काका म्हणाले. "एकडाव इचारलं. अजून किती डाव इचारू?"

त्यांनी तिफणीचं रुमणं, म्हणजे मूठ, माझ्या हातात दिलं. "चाल, धर. वाफसा जाऊन राह्यला."

मी तिफण धरली. डोळे इतके भरले होते, की समोरचे बैलसुद्धा नीट दिसेनात. पहिलं तास वाकडं गेलं. ज्वारी उगवल्यावर ती वाकडी ओळ धुऱ्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसायची, आणि पेरता येत नाही म्हणून लोक मला हसायचे. काका मात्र कधी हसले नाहीत.