भिवाचा कंदील

चिंचवडच्या कंपनीतून संध्याकाळी सुटी झाली की महाळुंग्याचे दोस्त घोळक्यानं सायकली हाणत घरी निघत. कंदील एकट्या भिवाच्या सायकलला होता. अंधार पडला की कोंडीराम ओरडायचा, "भिवा, म्होरं हो!" मग समोरचा वारा भिवानं खायचा, खड्डे त्यानं हुडकायचे. गावची वेस आली की मात्र गरज सरो, वैद्य मरो. "आता मागं ऱ्हा, राव. म्हातारी माणसं बघत्यात." भिवाच्या घरानं बुद्धाचा धर्म घेतला होता, पण गावाच्या लेखी तो महारवाड्याचाच राहिला.

एकदा इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर भिवाची सायकल पंक्चर झाली. कोंडीरामनं त्याचा पेटता कंदील काढून आपल्या हँडलला अडकवला. "तू ये चालत," म्हणाला, आणि सगळे खिदळत पुढं गेले. भिवा काळोखात ठेचा खात, सायकल ढकलत घरी पोचला.

सकाळी पंक्चर काढून तो वेशीवर आला, तेव्हा कोंडीरामनं कंदील परत केला. काच उभी तडकली होती.

"आयनं घरात घ्यायच्या आधी पाणी शिंपडलं. महारवाड्यातला ना त्यो! काच तापल्याली व्हती, त्याला मी काय करू?"

भिवानं कंदील तसाच आपल्या हँडलला अडकवला. संध्याकाळी तो पुन्हा सगळ्यांच्या पुढं होता. तडकलेल्या काचेतून वारा शिरला आणि कंदील विझला.

मागून कोंडीराम खेकसला, "एवढा कंदील जपता येत न्हाई व्हय रं तुला?"