कोरडं पडू देऊ नका

माझे भावोजी कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे पाठवतात आणि घराच्या मागच्या खोलीत, प्लास्टरच्या धुळीत बसून भावोजी त्यावर दात उभे करतात. छत्तीस वर्षं हेच चाललंय. माणूस इतका अबोल, की लग्नानंतर वर्षभर मी ताईला चिडवायचे, मुका नवरा शोधून काढलास म्हणून. रस्त्याने चालताना मात्र मध्येच थांबून हळूच म्हणतात, "ते गृहस्थ हसले बघ. वरची माझी."

त्यांच्या कामाचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ आहे. कवळी कोरडी पडली की वाकते, म्हणून तयार झाली की लगेच पाण्यात टाकायची. खोलीत ओळीने वाट्या मांडलेल्या असतात. कुठल्या वाटीतलं पाणी कमी झालं, तर जेवणावरून उठून भरतील.

हे मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगताना लाज वाटते.

आईने शेवटच्या वर्षी एक ऑर्किड विकत घेतलं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली आणि दवाखान्याबाहेरच्या फुलवाल्याकडचा तो जांभळा रंग तिला लख्ख दिसला. जन्मात स्वतःसाठी काही न घेणारी बाई कुंडी पोटाशी धरून घरी आली. जाताना ती ताईकडे दिली. मला म्हणाली, "तुझ्याकडे निवडुंगसुद्धा टिकायचा नाही." मी हसले होते.

लेकीच्या बाळंतपणाला ताई चार महिने परगावी गेली, तेव्हा तिने मला बजावलं. "दर रविवारी जा. कुंडी दहा मिनिटं पाण्यात ठेव, पूर्ण निथळू दे, मग जागेवर. यांना सांगू नकोस, हे कामात विसरतील." दोन गल्ल्यांवर माझं घर. दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी कंटाळा आला, सरळ कंटाळाच. भावोजींना फोन केला.

"तेवढं झाडाचं पाणी बघाल का?"

"किती घालायचं?"

माझी मालिका सुरू होत होती. "कोरडं पडू देऊ नका, म्हणजे झालं."

छत्तीस वर्षं कवळ्या पाण्यात ठेवणाऱ्या माणसाला मी हे सांगितलं! त्यांनी मोठ्या वाडग्यात पाणी भरलं, त्यात कुंडी ठेवली आणि सहा आठवडे पाण्याची पातळी इमानेइतबारे राखली.

मग त्यांचा फोन आला. "जरा येतेस?" गेले तर झाड त्यांच्या हातात आणि कुंडी टेबलावर. ते कुंडी उचलायला गेले, तर झाड नुसतं वरच्या वर निघून आलं होतं. मुळं काळी पडलेली, दाबली की साल हातात आणि आत दोरा. एकही धड नव्हतं.

"माझ्या हातून गेलं," ते म्हणाले. मी काय सांगितलं होतं, त्याचा उल्लेखही नाही. मीही केला नाही.

नर्सरीवाल्या बाईंनी झाड बघून डोक्याला हात लावला. "मुळंच नाहीत, पाजताय कुणाला? आता हवा ओली ठेवा, झाडाला पाणी लागू देऊ नका." भावोजींनी मेण कोरायची सुरी ज्योतीवर धरून सगळं कुजलेलं कापलं, कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, दिवसभर सुकू दिलं. काचेच्या बरणीत ओलं शेवाळ घातलं. कवळीला अडकवायची तार वाकवून तीन पायांची घडवंची केली आणि झाड त्यावर असं बसवलं, की बूड शेवाळापासून बोटभर वर. बरणी सावलीतल्या खिडकीत ठेवली. पाणी घालायची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे बरणीजवळून जाताना हात खिशात घालायचे.

सात आठवडे पानं सुरकुतत गेली. एक गळलं. मी रोज जायला लागले, आता जाऊन काय उपयोग होता कोण जाणे. एका दुपारी त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. बुडाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका होता. मला बुरशी वाटली.

"मूळ आहे," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

ताई आली तेव्हा मूळ नखाएवढं झालं होतं. तिने चप्पलही काढली नव्हती, तोच भावोजी म्हणाले, "आईंचं झाड मी पाण्यात ठेवलं. कुजलं. चूक माझी."

ताई रडली, मग भडकली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू? दर रविवारी येत होतीस ना?"

मी तिची पिशवी उचलायला वाकले.

"येत होती," भावोजी म्हणाले. "ही कुंडी निथळवून जायची, मी मागून पुन्हा भरायचो."

त्या माणसाला खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. नंतर जिन्यात मी त्यांना गाठलं. "असं का सांगितलंत?"

"माझ्यावरचा राग तिचा संध्याकाळपर्यंत उतरतो," ते म्हणाले. "तुझ्यावरचा उतरला नसता. आई दोघींची होती."

झाड आता पुन्हा कुंडीत आहे, तीन मुळं आणि एक नवं पान. ताईने कुंडीवर चिठ्ठी चिकटवली आहे: 'यांनी हात लावायचा नाही.' पाणी द्यायचं काम तिने विश्वासाने माझ्याकडे दिलंय. दर रविवारी मी कुंडी भिजवते, निथळवते, आणि भावोजी हात मागे बांधून दारातून बघतात. ताईला मी अजून सांगितलेलं नाही.