अक्कांच्या चुलीखालचा मठ

माती उपसली की ट्रॅक्टरमध्ये भरून फेकता येते. किस्से मात्र साठतच जातात! दोंडाईच्याजवळच्या एका बाजारगावात आम्ही जुना मठ खणत होतो. टीममध्ये नकाशे काढण्याचं काम माझं. मठ निघाला तो थेट अक्कांच्या परसात. घरात अक्का, मुलगा आणि सून. अक्कांना धास्ती एकच, "खंदता खंदता मन्हा घरमा घुसशात का?"

आमच्या टीमचे प्रमुख, पुण्याचे साहेब, खोटं बोलत नसत. "अजून सांगता येत नाही," म्हणाले. अक्कांची झोपच उडाली.

*

हाडं साफ करायला टूथब्रश लागतात. मी दोंडाईच्याला जाऊन दोन डझन मागितले.

"वऱ्हाड उतरलंय का?" दुकानदारानं विचारलं.

"नाही हो, मठातले साधू आहेत."

"मग पेस्ट देऊ?"

"नको. वारून चार-पाचशे वर्षं झाली त्यांना!"

त्यानं पेस्ट परत फळीवर ठेवली आणि ब्रश बांधून दिले.

*

एकदा साहेबांनी खड्ड्याची कड तासून मातीचे थर छान उघडे केले. जाताना म्हणाले, "उद्या फोटो आहे. सगळं साफ पाहिजे."

सकाळी बघतो तर सगळी कड शेणानं सारवलेली, वर काठावर रांगोळी! साहेबांचे थर सगळे शेणाखाली गेले.

"फोटोमा मन्हं परस घाण दिसी ना!" अक्का म्हणाल्या. साहेबांनी पुढचे दोन दिवस शेण खरवडलं.

*

आमचे खोदकाम करणारे नाना एकदा खड्ड्यातून ओरडले, "साहेब, बठेल शे!"

साहेबांना खानदेशी शब्द दोनच यायचे, 'शे' म्हणजे आहे आणि 'बठ्ठा' म्हणजे सगळा. त्यांनी आनंदानं वहीत लिहिलं, 'पूर्ण सांगाडा'. खाली उतरले तर सांगाडा निम्माच!

"नाना, बठ्ठा कुठंय?"

"बठ्ठा नही साहेब, बठेल! मांडी घालीसन बठेल शे!"

साधूंना बसवूनच पुरायची रीत. या बाबांची पाठ आमच्या खड्ड्यात होती आणि मांडी अक्कांच्या चुलीखाली.

*

बाबा पूर्ण बघायचे तर चुलीमागची भिंत पाडावी लागणार होती. ते अक्कांना सांगायची माझी काही छाती झाली नाही. शेवटी साहेब स्वतः गेले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं, चहा ओतला आणि म्हणाल्या, "घरमा बठेल पाव्हनाले कोनी उठाडतस का, साहेब?"

साहेब चहा पिऊन परत आले. म्हणाले, "मांडी ठिपक्यांनी दाखवा."

न खणलेला भाग आम्ही नकाशात ठिपक्यांनी दाखवतो. मला इतकं बरं वाटलं की जेवायच्या आधीच नकाशावर ठिपके मारूनही झाले.

*

त्याच सुमारास जनगणनेचे गुरुजी आले. अक्का चूल सारवत होत्या.

"अक्का, घरात माणसं किती?"

"साडेतीन!"

गुरुजींचं पेन थांबलं. "अर्धं कोण?"

अक्कांनी शेणाचा हात चुलीखाली दाखवला. "मांडी मन्हाकडे शे. पाठनं साहेबले इचारा!"